खाणपट्ट्यातील रोजगार : एका अध्यापकाची निरीक्षणे

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मराठीच्या अध्यापकाने रोजगारावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विपरीत वाटेल. मंडळाने मला सुचविलेला विषय 'शंभर वर्षांतील आपला वाचक' असा होता. त्याची टिपणे काढायला बसलो, तेव्हा एक गोष्ट पुनःपुन्हा आड येऊ लागली. वाचक वाचनालयात केव्हा येतो आणि केव्हा येईनासा होतो, हे त्याच्या रुचीपेक्षा त्याच्या पोटापाण्याशी अधिक बांधलेले असते. २०१२ च्या पावसाळ्यानंतरचे दिवस आपल्याला आठवत असतील. आपल्या वृत्तपत्र विभागात भर दुपारी बसायला बाक मिळत नसे. तिथे बसलेली माणसे पूर्वी कधी वाचनालयाची पायरी चढलेली नव्हती. ती ट्रकमालक होती, चालक होती, गॅरेजवाली होती. अग्रलेख त्यांना नको होता. सर्वोच्च न्यायालयातील पुढची तारीख हवी होती. त्या वर्षीची आपली उपस्थिती-वही पाहिली, तर वाचनसंस्कृती बहरली असे कोणाही अभ्यासकाला वाटेल. म्हणून मी विषय बदलून मागितला, आणि मंडळाने उदारपणे तो दिला.

अर्थशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. माझ्यापाशी आहे तो तीस वर्षांच्या प्रवेश-अर्जांचा अनुभव. दर जूनमध्ये डिचोली, सत्तरी आणि आसपासच्या गावांतील मुलामुलींचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे येते. त्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या रकान्यात 'बागायत', 'शेती', 'खाण-कामगार', 'शिक्षक', 'दुकान' असे शब्द असत. २००३-०४ च्या पुढे 'ट्रक व्यवसाय' हा शब्द वाढू लागला, आणि थोड्याच वर्षांत काही मुले नुसते 'बिझनेस' असे लिहू लागली. २०१३ च्या जूनमध्ये तो रकाना अनेक अर्जांत कोरा होता. एका मुलाने तिथे 'घरी' असे लिहिले होते. मी त्याला विचारले नाही. विचारण्यासारखे काही नव्हते.

हे कसे घडले, ते थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. आपल्या भागात लोहखनिज आहे हे पोर्तुगीज राजवटीला ठाऊक होते, आणि बेमुदत सवलतीही तिने दिल्या होत्या. पण खाणींचा खरा पसारा वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानच्या पोलाद कारखान्यांनी मागणी केली तेव्हा. गोव्याचे खनिज तसे हलक्या प्रतीचे, देशातील कारखान्यांना त्याचे फारसे आकर्षण नाही. म्हणजे प्रथमपासूनच हा धंदा परदेशी गिऱ्हाइकावर उभा होता. डोंगरातून ट्रक, ट्रकातून मांडवी-जुवारीवरील बार्ज, बार्जमधून मुरगावचे जहाज, अशी ती साखळी. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, आणि गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळा त्यांच्याच कारकिर्दीत निघाल्या. त्यांपैकी एका शाळेत मी मुळाक्षरे गिरवली. आपल्या या वास्तूच्या देणगीदारांच्या फलकावर नजर टाकली तरी खनिजाचा लाल रंग तिथे कुठेतरी दिसेल. तेव्हा खाणीवर बोलताना मी फार सोवळेपणा करणार नाही.

कुळागराच्या आठवणीने गहिवरणारे लिखाण आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. सुपारीच्या बुंध्यावर चढलेली मिरवेल, खाली केळी, मधून जायफळ नि भिरंड, डोंगरातील झऱ्याचे पाटातून खेळवलेले पाणी. हे सारे खरे आहे, सुंदरही आहे. परंतु त्या कुळागरात पाणी शिंपणारा माणूस भाटकाराच्या जमिनीवर मुंडकार म्हणून राहत होता आणि त्याची मजुरी पुष्कळदा नारळात नि भातात चुकती होत होती, हे त्या लिखाणात अभावानेच येते. खाण आली आणि तिने त्याच्या हातावर रोख पैसे ठेवले. कोणाच्या ओसरीवर हात जोडून उभे न राहता मिळालेले ते पैसे होते. कूळ कायदा १९६४ चा, मुंडकार कायदा १९७५ चा. पण कित्येक घरांना त्याआधीच खाणीच्या मजुरीने मान वर करायला शिकवले होते. हे श्रेय तिला दिल्यावाचून पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

मात्र खाणीची मजुरी हीच गावाची मजुरी ठरली, तेव्हा दुसरी एक क्रिया सुरू झाली. माड-सुपारीवर चढणारा पाडेली, बांध घालणारा, वायंगण भाताची लावणी करणाऱ्या बायका यांचा दर खाणीच्या दराला पुरा पडेना. पाडेल्याचा मुलगा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, पुढे चालक झाला. त्यात गैर काहीच नव्हते. बापाची विद्या मात्र त्याने उचलली नाही, आणि ती कुठल्या आयटीआयमध्ये शिकवली जात नव्हती. काही गावांत पावसाबरोबर खाणीवरचा गाळ शेतात उतरला. त्याची नुकसानभरपाई मिळू लागली, आणि पेरणीपेक्षा भरपाई हे पीक अधिक खात्रीचे ठरले. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती बाजूला काढावी लागते. ती जाणार कुठे? शिरगावसारख्या गावात खाणींचे खड्डे इतके खोल गेले की विहिरींचे पाणी उतरले. पाणी गेले की कुळागर जाते, आणि त्याबरोबर वर्षाच्या बारा महिन्यांत विखुरलेली पंधरा-वीस प्रकारची लहानसहान कामे जातात. त्या कामांची कुठल्याच दफ्तरी नोंद नसल्यामुळे, ती गेल्याची नोंदही झाली नाही.

त्यानंतर चीन आला. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकपूर्वीच्या काही वर्षांत तिथल्या पोलाद गिरण्यांना हलक्या प्रतीचे खनिजही चालू लागले, आणि आपल्या डोंगरांतील टाकाऊ ढिगाऱ्यांनाही भाव आला. नव्वदच्या दशकात वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास असलेली निर्यात २०१०-११ मध्ये ५ कोटी टनांच्या वर गेली. एवढे खनिज वाहणार कोण? गावातील प्रत्येक कर्त्या मुलाने ट्रक घ्यावा, असे जणू फर्मान निघाल्यासारखे झाले. माझ्या थोरल्या बंधूंनी २००५ साली ट्रक घेतला. आमच्या वाट्याच्या कुळागराचा अर्धा भाग त्यासाठी गहाण पडला. हप्ता फेडून उरलेल्या पैशांत पाच वर्षांत त्यांनी घराला स्लॅब घातला, मुलीचे लग्न केले. माझ्या पगारात मला ते साधले नसते. सुट्टीत घरी गेलो की दादा म्हणत, "तू शिकलास ते बरे झाले, पण खेपा मीच मारतोय." त्यात मत्सर नव्हता, थट्टाच होती.

पाळी, वेळगे, सुर्ला या बाजूला तेव्हा ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना ट्रकांची ती रांग आठवत असेल. रस्त्याकडेची झाडे तांबडी, शाळेची कौले तांबडी. ट्रकामागे टायरवाला, पंक्चरवाला, गॅरेज, भजीपावाचा गाडा, भाड्याच्या खोल्या. सर्वांचे अन्न एकाच दोरीला टांगलेले. ती दोरी कोणाच्या हातात आहे, असे विचारण्याची कोणाला सवड नव्हती. मला तरी होती का? मीही दादांच्या स्लॅबखाली बसून चहाच पीत होतो.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले. बेकायदा उत्खननाविषयीचा शहा आयोगाचा अहवाल त्याच सुमारास संसदेपुढे आला होता. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा आदेश दिला. इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे खनिज-वाहतूक बंदच असते. ट्रक ताडपत्री पांघरून उभे असतात. त्यामुळे बंदीचे पहिले काही आठवडे गावाला काही जाणवलेच नाही. नऊ दिवसांवर चतुर्थी होती. माटोळी बांधली गेली, गणपती आले आणि गेले. दसऱ्याला ट्रक धुतले, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडले. पण चाक फिरले नाही. आमच्या अंगणातील फणसाखाली दादांचा ट्रक त्या दिवशी जो उभा राहिला तो जवळजवळ तीन वर्षे.

पुढच्या तारखा आपणास पाठ आहेत. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने खाणींचे भाडेपट्टे २००७ मध्येच संपल्याचे सांगितले आणि उत्खननाला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. त्याच निकालात खनिज-विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा कायम निधीत ठेवण्याचा आदेश होता. त्यामागचा विचार सामान्य संसारी माणसाला सहज पटावा असा आहे : घरातील सोने मोडून आलेला पैसा म्हणजे पगार नव्हे. आपण मात्र तो साठ वर्षे पगार म्हणूनच खर्च केला. मग नूतनीकरण झाले, काम पुन्हा सुरू झाले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ भाडेपट्टे रद्द होऊन १६ मार्चपासून सारे पुन्हा थांबले. हे दुसरे थांबणे ऐन हंगामातले, म्हणून अधिक जिव्हारी लागले. मधल्या काळात सरकारने अर्थसाहाय्य दिले, कर्जमुक्तीची योजना आणली. त्यांनी बऱ्याच घरांना तारले, हे नाकारता येणार नाही. दादांनी २०१९ मध्ये ट्रक भंगारात काढला. कुळागर मात्र सुटले.

या काळात पुरुष काय करीत होते यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिले. स्त्रियांविषयी थोडेच लिहिले गेले. प्रवेश-अर्जात पुढे आईच्या व्यवसायाचाही रकाना आला, आणि २०१३ नंतर तो भरू लागला. 'अंगणवाडी', 'फॅक्टरी', 'शिवणकाम', 'महिला मंडळ – पापड', 'शाळेत पोळ्या'. होंडा, पिसुर्ले, डिचोली येथील औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या पहाटेच्या गाड्यांत आज आपल्या गावातल्या बायका बसतात. बहुतेकींची नोकरी कंत्राटी. आज आहे, उद्याचे ठेकेदाराला ठाऊक. माझ्या वहिनी पंचेचाळिसाव्या वर्षी अशा एका कारखान्यात बाटल्यांवर लेबले लावू लागल्या. पहिल्या पगारातून त्यांनी वाचनालयाची वर्गणी भरली. दुपारची माणसे तारखांसाठी इथे येत असताना, रविवारी कथासंग्रह बदलून नेणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती. ग्रंथपालांनीही मला हे बोलून दाखवले आहे.

तरुणांची दिशा निराळी. ज्याला शक्य तो सरकारी नोकरीच्या रांगेत. आमच्या वर्गातील हुशार मुलगा शिपायाच्या पदासाठी अर्ज करतो, तेव्हा मराठीच्या अध्यापकाला काय वाटत असेल ते बोलून दाखवण्यात अर्थ नाही. दुसरे किनाऱ्याकडे, हॉटेलांत, भाड्याच्या मोटारींवर. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला, माझा पुतण्या तिथे सामान चढवण्याच्या कामावर आहे. आणि इकडे दादा सुपारी उतरवायला पाडेली शोधत फिरतात. मिळतो तो बेळगावकडचा किंवा झारखंडचा, आणि तो म्हणेल तो दिवस व तो म्हणेल तो दर. गावात माणसे बेकार आहेत आणि गावात कामाला माणूस मिळत नाही, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. रोजगाराचे आकडे काढणाऱ्यांना मी हेच सांगू इच्छितो की, किती नोकऱ्या गेल्या एवढेच मोजू नका. कोणती कामे करणारे हात गेले, तेही पाहा. ते हात खाण बंद पडल्याने गेले नाहीत, खाण जोरात चालत असताना गेले. खाण पुन्हा सुरू केल्याने ते परत येणार नाहीत.

ती सुरूही झाली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननाला पुन्हा आरंभ झाला. रस्त्यावर ट्रक दिसू लागले आहेत, गॅरेजांची दारे उघडली आहेत. त्याचा आनंद कोणाला झाला असेल तर मी त्याला दोष देणार नाही. त्या तीन वर्षांच्या दुपारी मी त्याला इथे बाकावर बसलेले पाहिले आहे.

गेल्या जूनमध्ये एका मुलाचा अर्ज माझ्यापुढे आला. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात आधी काही लिहून खोडलेले होते आणि वर स्वच्छ अक्षरात 'ट्रकमालक' असे लिहिले होते. मी सहज विचारले, "ट्रक कधी घेतला?" तो जरा ओशाळला. म्हणाला, "अजून घेतला नाही, सर. बँकेत अर्ज केला आहे." तारण काय ठेवले, असे मी विचारणार होतो. मागे रांग मोठी होती.