पोटदुखी अंगावर काढू नका
(सावली येथील आरोग्य मेळाव्यातील भाषण)



मी पोटाच्या शस्त्रक्रिया करते. आज पित्ताशयाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहे, आणि मुख्यतः बहिणींशी. कारण हा रोग पुरुषांपेक्षा बायकांत दुप्पट-तिप्पट आढळतो, तोही बहुधा पन्नाशीनंतर.

पित्ताशय म्हणजे उजव्या बरगड्यांखाली, यकृताला चिकटलेली पित्ताची लहान पिशवी. हा कॅन्सर झालेल्या बहुतेकांच्या पिशवीत खडे सापडतात. मग खडे असलेल्या प्रत्येकीने घाबरायचं का? नाही. त्यांतल्या फार थोड्यांना कॅन्सर होतो. पण ३ सेंटीमीटरहून मोठा खडा किंवा १ सेंटीमीटरहून मोठा पॉलिप असेल आणि डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलं, तर टाळू नका. लठ्ठपणाने आणि टायफॉइडचे जंतू पित्ताशयात वर्षानुवर्षे राहिल्यानेही धोका वाढतो. गंगेच्या खोऱ्यात हा रोग जास्त, आपल्याकडे कमी. म्हणूनच तो चटकन कुणाच्या मनात येत नाही.

सुरुवातीला तो गप्प असतो. कधी जेवणानंतर उजवीकडे दुखतं, मळमळतं. आपण म्हणतो, 'पित्त झालंय. रोवणी संपली की दाखवू.' पुढे भूक जाते, वजन उतरतं, डोळे पिवळे होतात.

माझ्याकडे एक बाई आल्या. तीन महिने काविळीची जडीबुटी चालू होती. अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढुरकं. मुलाने विचारलं, "काविळीतून कॅन्सर झाला का?" उलट होतं. कॅन्सरने पित्ताची वाट अडवली होती, म्हणून कावीळ दिसत होती. पिशवीची भिंत पातळ आणि यकृत अगदी लागून, त्यामुळे रोग तिथे पोचलाही होता. ऑपरेशनची वेळ गेली होती. पिशवीतल्या जुन्या कागदांत चार वर्षांपूर्वीची सोनोग्राफी निघाली. मोठा खडा त्यात स्पष्ट लिहिला होता.

म्हणून एवढं करा. पोट वारंवार दुखत असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा, सोनोग्राफीबद्दल विचारा. कावीळ दिसली तर माळ घालून वाट पाहू नका. खड्यांसाठी पिशवी काढली, तर तिच्या तपासणीचा रिपोर्ट मागून घ्या. सुरुवातीचा कॅन्सर कधी त्यातच सापडतो आणि तेव्हा तो बरा होऊ शकतो. पुढच्या उपचारांसाठी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

आणि भावांनो, घरातली बाई पोट धरून बसली आणि "काही नाही" म्हणाली, तर तिचं ऐकू नका. तिला दवाखान्यात घेऊन जा.