औषधांचा डबा आणि जगबुडीचे पाणी



संतवाङ्मय, इतिहास, राजकारण असे भारदस्त विषय ऐकायची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे मी मुदत संपलेल्या गोळ्या घेऊन उभा राहिलो आहे. कोणी हसले तर माझी हरकत नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो, तो आज घरी गेल्यावर उघडून पाहा. थोरल्या मुलाने मुंबईहून तीन महिन्यांची म्हणून आणलेली रक्तदाबाची औषधे, डॉक्टरांनी मध्येच बदललेल्या साखरेच्या गोळ्या, ताप उतरताच अर्ध्यावर सोडलेले जंतुनाशक, खोकल्याची चिकट बाटली! दिवाळीच्या साफसफाईत हा डबा रिकामा होतो. कुठे? बाटली मोरीत, गोळ्या संडासात, उरलेसुरले परसातल्या पातेऱ्याबरोबर जाळात.

आता आपल्या गावची जमीन आठवा. आपला जांभा दगड सच्छिद्र. वरचे पाणी तो भराभर खाली सोडतो. शोषखड्डा आणि विहीर यांत अंतर थोडे असले की एकीकडचे दुसरीकडे झिरपण्याचा धोका राहतो. जे विहिरीकडे जात नाही ते वहाळाने जगबुडीला, जगबुडीतून वाशिष्ठीला आणि दाभोळच्या खाडीला जाते. आपल्या नदीतल्या मगरी पाहायला लोक येतात. त्या मगरी ज्या माशांवर जगतात, ते या पाण्यातच वाढतात.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या नदीत चार गोळ्यांनी काय होणार? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी हेच तपासले. २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत त्यांनी एका तळ्यात संततिनियमनाच्या गोळीतले स्त्री-संप्रेरक सोडले. प्रमाण किती, तर एका लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतले पाच-सहा! तेवढ्याने तिथल्या एका जातीच्या लहान माशांतील नरांच्या अंगी मादीची लक्षणे दिसू लागली आणि त्या माशांची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. २०२२ साली १०४ देशांतील २५८ नद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली; माणसाच्या औषधांचे अंश जगभर आढळले.

प्रामाणिकपणे सांगायचे तर नदीतल्या औषधांचा मोठा वाटा फेकलेल्या गोळ्यांचा नाही. घेतलेल्या औषधाचा बराच अंश लघवीवाटे बाहेर पडतो, आणि औषध घेऊ नका असे कोणी शहाणा सांगणार नाही. कारखान्यांचे तर विचारूच नका: हैदराबादजवळ पाटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून सोडल्यावर त्यात एका जंतुनाशकाचे प्रमाण रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही अधिक होते, हे २००७ साली उघड झाले. तिथे सरकारने बघायचे. परंतु डब्यातला वाटा आपल्या हातचा, म्हणून मी त्याविषयी बोलतो. शिवाय जंतुनाशक संडासात टाकले की टाकीतले मैला कुजवणारे उपयोगी जंतू मरतात आणि जे तगतात ते त्या औषधाला दाद देईनासे होतात. उद्या नातवाच्या न्यूमोनियाशी तेच औषध झुंजायचे असते!

मग करावे काय? २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेल्या औषधांना घरगुती घातक कचरा म्हटले आणि तो वेगळा गोळा करण्यास सांगितले. कागदावर हे ठीकच. केरळात कोळिकोड येथे २०२५ साली घरोघरची औषधे गोळा करून शास्त्रीय पद्धतीने नष्ट करण्याची योजना सुरू झाली. मुंबई महापालिकेनेही त्याच वर्षी असा कचरा वेगळा उचलण्यास आरंभ केला. आपल्या गावाला मुंबईची प्रत्येक गोष्ट लवकर कळते, हीही कळायला हरकत नाही. इस्पितळांचा कचरा नेणारी गाडी असतेच. औषधांच्या दुकानांतून एकेक कुलूपबंद पेटी ठेवून ती या गाडीशी जोडता येईल का, हे नगरपरिषदेने आणि दुकानदारांनी एकत्र बसून पाहावे. खर्च कोणी सोसायचा यावर वाद होईल; होऊ द्या.

तोवर गोळ्या वेष्टनातून काढून चहाच्या चोथ्यात कालवाव्यात, घट्ट पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्याव्यात. पातळ औषधही चोथ्यात किंवा भुशात जिरवावे. बंबाखाली काही जाळू नये. अपवाद एकच. मॉर्फिन, फेन्टॅनिल यांसारखी जहाल वेदनाशामके मुलाच्या हाती लागली तर प्राणावर बेतते. म्हणून केंद्रीय औषध नियंत्रण खात्याने २०२५ साली अशा १७ औषधांची यादी देऊन ती मात्र संडासात सोडावीत असे सांगितले आहे. घरात कर्करोगाचा रुग्ण होऊन गेला असेल तर ही यादी दुकानदाराकडे विचारा.

आणि मुंबईच्या मुलाला कळवा: बाबांच्या गोळ्या एका वेळी एका महिन्याच्याच आण.