आवडले नाही, असे सांगण्याचा अधिकार



हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेकडे देणग्यांचा ओघ सुरू होतो आणि त्यात पुस्तकांचा वाटा नेहमीच मोठा असतो. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ काचेचे कपाट देतो, कोणी एखाद्या थोर लेखकाचे समग्र वाङ्मय देतो. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, याविषयी शंका नाही. मात्र ती पुस्तके ज्याने वाचायची, त्या विद्यार्थ्याला काय हवे आहे हे विचारण्याची रीत फारशी नाही. पुस्तक परत करताना 'छान होते' किंवा 'कंटाळवाणे होते' एवढेच बोलून तो वर्गाकडे वळतो, आणि नोंदवहीत केवळ तारीख उरते. पुस्तके, चित्रकथा आणि चित्रपट यांविषयी या छोट्या वाचकाचे जे मत असते, त्याला ग्रंथालयाने किती मोल द्यावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय बडोद्यात मांडला जावा, यात औचित्य आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु अक्षरओळख झालेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही, तर शिकलेले विसरायला वेळ लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास अमेरिकेतून बोलावून घेतले आणि सर्वांना विनामूल्य खुल्या असलेल्या ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. खेड्यांतील ग्रंथालयांसाठी ठरविलेली पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी, असा तो नियम होता. ग्रंथालय ही वरून आलेली खैरात न राहता त्यात वाचकाचा स्वतःचा पैसा गुंतलेला असे. ज्याचा पैसा गुंतला आहे, त्याला मत देण्याचा अधिकारही आपोआप येतो.

याच व्यवस्थेतील दुसरी गोष्ट आजच्या पालकांना कदाचित नवल वाटावी अशी आहे. बडोद्याच्या ग्रंथालय खात्यात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते, आणि दृश्यशिक्षणाची निराळी शाखाही होती. ही शाखा गावोगावी जाऊन काचेवरील चित्रे आणि हलती चित्रे लोकांना दाखवीत असे. पुस्तक, चित्र आणि चित्रपट ही तिन्ही एकाच खात्याची जबाबदारी मानली गेली होती. पुढे भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके हेही याच नगरीतील कलाभवनात शिकले. चित्रपट हा ग्रंथालयाचा शत्रू आहे, ही समजूत निदान या शहराच्या परंपरेत बसत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा त्यांतला पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हा दुसरा. आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा. शेवटच्या दोन नियमांत त्यांनी वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगितले आणि ग्रंथालय ही वाढती, जिवंत संस्था असल्याचे म्हटले. दुसरा व तिसरा नियम पाळायचा, तर वाचकाच्या मनात काय आहे हे ग्रंथपालास कळलेच पाहिजे. वैद्याने रोग्याला न विचारता औषध द्यावे, तसे वाचकाला न विचारता पुस्तक देणे होय. कधी गुण येईलही. पण तो योगायोग.

मत विचारायचे ठरले की पहिली अडचण चित्रकथांपाशी येते. 'ते काय वाचन आहे?' असे म्हणून पुष्कळ पालक चित्रकथा बाजूला सारतात. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र आपले बालपण आठवून पाहावे. १९४७ साली मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत 'चंदामामा' निघाले आणि १९५२ मध्ये त्याचा मराठी अवतार 'चांदोबा' आला. ते काढणारे नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे दोघेही चित्रपटनिर्माते होते. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर तयार झालेल्या त्या मासिकाने किती मराठी मुलांना वाचनाची गोडी लावली, हे सांगायला नको. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ 'शंकर' यांच्या कुंचल्यातून मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागले आणि त्यांतून बुरखा घातलेला, घनदाट अरण्यात राहणारा दुसराच एक वेताळ आला. दोन्ही वेताळ एकाच मुलाच्या दप्तरात सुखाने नांदत होते. त्यांच्यातला खरा वेताळ कोणता, यावर मधल्या सुटीत ज्या मुलांचा वाद रंगला असेल, त्यांनी नकळत वाङ्मयीन तुलनाच केली.

१९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्रकथा' सुरू केली. पुराणे आणि इतिहास त्यांनी मुलांच्या हातात मावतील अशा पानांत आणले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या चित्रांकडे पाहून एखादी मुलगी विचारते की असुर नेहमी काळे आणि देव नेहमी गोरे का रंगवले आहेत, तेव्हा तिचा प्रश्न उद्धटपणाचा नसतो. ते चित्राचे वाचन असते. पुढे अभ्यासकांनी या मालिकेवर हाच आक्षेप घेतला. मुलीला 'गप्प बस, देवाचे पुस्तक आहे' असे सांगितले, तर तिची श्रद्धा वाढत नाही. पाहण्याची सवय मात्र जाते. शिवाय महाराष्ट्राबाहेरच्या मुलाला चित्रकथेचा आणखी एक उपयोग आहे. रस्त्यावर गुजराती, पडद्यावर हिंदी आणि पुढील शिक्षणात इंग्रजी अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाला मराठीतील एखादा शब्द अडला, तर शेजारचे चित्र त्याला हात देते.

दुसरी अडचण चित्रपटांची. 'आधी पुस्तक वाच, मग चित्रपट पाहा' असा घरोघरी आग्रह असतो. आग्रह वाईट नाही. पण क्रम उलटा झाला म्हणून बिघडत नाही. 'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. पुढे २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, आणि तीही कृष्णधवल रूपात. आज ही तिन्ही रूपे मुलासमोर ठेवता येतात. पुस्तकात मोठा झालेला श्याम रात्री मित्रांना आठवणी सांगतो. पडद्यावर ती आई प्रत्यक्ष समोर वावरते. यातले अधिक जवळचे काय वाटले आणि का, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेतील प्रश्नापेक्षा अवघड आहे, आणि सहावीतला विद्यार्थी त्याचे उत्तर देऊ शकतो.

तो असेही म्हणेल की श्याम पोहायला घाबरला म्हणून आईने त्याला मारायला नको होते. हे ऐकताच मोठ्यांना धक्का बसतो, कारण हे पुस्तक आपल्याकडे पूज्य मानले जाते. अशा वेळी मुलाला दटावण्याऐवजी ते प्रकरण पुन्हा उघडावे. आईने तसे का केले, हे ती तेथेच श्यामला समजावते. ते वाचून मुलाचे मत बदलेल किंवा बदलणार नाही. बदलले नाही, तरी त्याने साने गुरुजींचे पान दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा ते स्वतःच्या प्रश्नासाठी वाचले. पुस्तकाचा याहून मोठा सन्मान कोणता?

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे उदाहरणही बोलके आहे. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश २०१७ सालच्या चित्रपटात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला, आणि खुद्द भागवत हे त्या कथेतले एक पात्र झाले. पुस्तके वाचून गेलेला मुलगा 'हा आमचा बन्या नाही' असे म्हणतो. चित्रपट आधी पाहिलेला मुलगा पुस्तकातली शाळकरी साहसे शोधत ग्रंथालयात येतो. दोघांचीही मते खरी आहेत, आणि दोघांनाही त्यांचे कारण सांगता येते. पडदा पुस्तकाकडून नुसते घेतच नाही, तो देतोही. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टींतील जटायू हा लेखक 'सोनार केल्ला' या १९७४ च्या चित्रपटात संतोष दत्त यांनी साकारला. त्यानंतर राय यांनी पुढील गोष्टींसाठी काढलेल्या चित्रांत जटायूचा चेहराच संतोष दत्त यांच्यासारखा झाला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मुलांच्या मतांवरच ग्रंथालय चालवले, तर हलकीफुलकी पुस्तके तेवढी उरतील आणि ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा अडगळीत जातील. पण मत म्हणजे मतदान नव्हे. दहा जणांना नावडलेले पुस्तक अकराव्याचे असू शकते, आणि रंगनाथनांचा तिसरा नियम त्या अकराव्यासाठीच आहे. 'भाषा जुनी वाटली' असे अनेकांनी लिहिले, तर ते पुस्तक काढून टाकण्याचे कारण नाही. शिक्षकाने त्यातील दोन पाने वर्गात मोठ्याने वाचून दाखवावीत, असा त्याचा अर्थ होतो. मताचा उपयोग निवाड्यासाठी कमी आणि निदानासाठी अधिक आहे.

आता मुख्य मुद्दा. परप्रांतातील मराठी शाळांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो सर्वांना ठाऊक आहे. पटावरची संख्या, पालकांचा ओढा, भाषेचे भवितव्य या गोष्टींची काळजी प्रत्येक सभेत व्यक्त होते. घरात मराठी बोलली जाते, हे खरे. पण ती बहुधा 'जेवायला ये', 'दार लाव', 'अभ्यास झाला का' इतकीच. मुलाला काय आवडले, काय खटकले, कशाचा राग आला, हे सांगण्याची वेळ येते तेव्हा तो हिंदीकडे किंवा इंग्रजीकडे वळतो, कारण मराठीत ते कोणी त्याला विचारलेलेच नसते. ज्या भाषेत माणसाला मत देता येत नाही, ती भाषा त्याच्यापुरती स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थांबते. म्हणून ग्रंथालयातील वाचकाचे मत ही हौसेची बाब नाही. मराठी शाळेच्या अस्तित्वाशीच तिचा संबंध आहे.

यासाठी खर्चिक योजना नको. ग्रंथालयाच्या मेजावर एक जाड वही ठेवावी. पुस्तक, चित्रकथा किंवा चित्रपट यांचे नाव, आपले मत, आणि 'कारण' या शब्दापुढे किमान एक वाक्य, एवढेच तिच्यात मराठीतून लिहायचे. त्या वहीतील शुद्धलेखनाच्या चुकांना लाल शाई लागू नये, कारण चुकीची भीती बसली की मुले 'छान' या एका शब्दाआड लपतात. शिक्षकांनीही तीत आपली मते लिहावीत, आणि न आवडलेल्या पुस्तकाचे नाव लिहिण्यास संकोचू नये.

पालकांनी मुलाला 'किती पाने झाली?' याऐवजी 'तुला कोण आवडले नाही?' असे विचारावे. या प्रश्नाला नुसत्या आकड्यात उत्तर देता येत नाही. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांना पुस्तके भेट द्यायची आहेत, त्यांनी कपाट ठरविण्यापूर्वी तासभर बसून ती वही चाळावी. कोणाला फास्टर फेणेचा पुढचा भाग हवा असेल, कोणाला फेलूदाचा मराठी अनुवाद, तर कोणी विक्रम-वेताळाच्या गोष्टी पुन्हा मागितल्या असतील. मागितलेले एक पुस्तक न मागितलेल्या शंभरांपेक्षा अधिक हातांत फिरते. त्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट कळते: आपण मराठीत काही म्हटले, ते कोणीतरी वाचले, आणि त्याप्रमाणे घडले. शाळेच्या पुढील वाटचालीत ही जाणीव प्रत्येक वाचकाला लाभो.