पोटातली वस्ती

मराठी भाषेनं पोटाला नुसतं पचनाचं काम दिलेलं नाही. आपल्याकडे माया पोटात असते, भीतीनं पोटात गोळा येतो, माणूस पोटतिडकीनं बोलतो आणि दुसऱ्याचा अपराधही पोटात घालतो. पोटाचं आणि मनाचं नातं बोलीनं कधीच ओळखलं होतं. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेतही पोटाचं आणि मेंदूचं नातं दिसू लागलं आहे. तेही अशा एका आजाराच्या निमित्तानं, ज्याचं नाव आमच्या कोळगाव-बोईसरच्या बाजूला अजून फारसं कोणाच्या तोंडी नाही. तो आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एम.एस.

घरातल्या विजेच्या तारेवर जसं रबरी वेष्टन असतं, तसं आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी या वेष्टनालाच शत्रू समजतात आणि ते कुरतडू लागतात. मग मेंदूचा निरोप वाटेतच अडखळतो. एका डोळ्यानं अंधूक दिसतं, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विलक्षण थकवा येतो. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान हा आजार गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. २०२० च्या अंदाजानुसार जगात याचे सुमारे २८ लाख रुग्ण होते.

माझ्या नात्यातली एक मुलगी बोईसरला एका कारखान्यात कामाला जायची. तिचा पाय बधिर व्हायचा, काही आठवड्यांनी आपोआप बराही व्हायचा. कोणी अशक्तपणा म्हणालं, कोणी टॉनिक दिलं, कोणी नजर उतरवली. उकाड्यात त्रास वाढला की सगळे म्हणायचे, कामाची चुकारपणा करते. खरं तर उष्णतेनं या आजाराची लक्षणं तात्पुरती बळावतातच. मुंबईला नेऊन एम.आर.आय. केला, तेव्हा कुठे आजाराला नाव मिळालं. पुढे तिनं मला विचारलं, "मामू, हा रोग पोटातल्या जंतूंमुळे होतो म्हणतात. पोट साफ करायची पावडर मिळते. ती घेतली तर सुया बंद करता येतील का?"

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, बहुतेक सारे मोठ्या आतड्यात. ही मोठी वस्तीच आहे, आणि शरीराच्या संरक्षक पेशींना बरंच शिक्षण याच मोहल्ल्यात मिळतं. २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एम.एस.सारखा आजार आपोआप होणारे उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले. त्यांना आजार झाला नाही. त्यांच्या आतड्यात नेहमीचे जीवाणू सोडले, तेव्हा झाला. २०१७ मध्ये ३४ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीत एकाला एम.एस., दुसरा निरोगी. आजारी भावंडांचे जीवाणू ज्या उंदरांना दिले, त्यांच्यात मेंदूचा आजार अधिक प्रमाणात दिसला. २०२२ साली ५७६ रुग्णांची तुलना त्यांच्याच घरात राहणाऱ्या, पण रक्ताचं नातं नसलेल्या निरोगी माणसांशी केली गेली. एकाच चुलीवरचं जेवूनही रुग्णांच्या आतड्यातली वस्ती काहीशी वेगळी निघाली.

म्हणजे जीवाणूंचा हात आहे. पण एकट्या त्यांचाच नाही. अनुवंश आहे, ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे, धूम्रपान आहे. एपस्टाइन-बार या विषाणूचा संबंध तर २०२२ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानं फार ठळक केला. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात हा आजार इतर भारतीयांपेक्षा अधिक आढळतो, हे १९८८ आणि १९९० च्या अभ्यासांत दिसलं होतं. डॉ. नोशिर वाडिया यांचं त्यातलं काम महत्त्वाचं. गावाचं पाणी तेच, हवा तीच, तरी फरक पडतो.

आपल्या आहाराबद्दलही पुण्यात काम झालं आहे. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे जीवाणू तपासले आणि वयानुसार ही वस्ती कशी पालटते, ते २०१२ साली मांडलं. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा जीवाणू भरपूर सापडतो. कोंड्याचं, भाज्या-कडधान्यांचं जेवण त्याला मानवतं. काही अभ्यासांत एम.एस.च्या रुग्णांमध्ये तो कमी आढळला आहे. आमच्याकडची नागलीची भाकरी, वालाचं बिरडं, पालेभाजी सोडून बिस्किटांच्या पुड्यांवर दिवस काढणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मात्र भाकरी हे पथ्य झालं, औषध नव्हे. कोणता जीवाणू कमी झाला म्हणून आजार झाला आणि कोणता आजारामुळे कमी झाला, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. पावडर किंवा दुसऱ्याचे जीवाणू देऊन एम.एस. बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. सुया आणि गोळ्या मात्र आजाराचे झटके कमी करतात, हे सिद्ध आहे. त्या बंद केल्या आणि वेष्टन कुरतडलं गेलं, तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. भाचीला मी हेच सांगितलं. ती रागावली, पण सुया चालू राहिल्या.

या माणसांना एकटं वाटू नये म्हणून रहमत फाझलभॉय यांनी १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा आजार नावानिशी आहे. आता जिल्ह्याचं मुख्यालय कोळगावातच आहे. कागदपत्रांसाठी तिथे आलेली एखादी तरुण बाई जिना चढताना मध्येच थांबली, तर ती आळशी आहे किंवा नाटक करते, असं चटकन म्हणू नका. तिचा आजार बाहेरून दिसत नाही. तिला खुर्ची द्या आणि तिचं म्हणणं ऐकून घ्या.