आधी बसवा, मग भरवा



मागच्या भाषणानंतर रेडिओ केंद्रावर पत्रं आली, फोनही आले. जतहून, आटपाडीहून, पलूसहून, एक-दोन तर सीमेपलीकडून अथणीहून. बहुतेकांचा प्रश्न एकच : 'वडिलांना लकवा मारला होता, आता घरी आणलंय. मालिश कोणत्या तेलानं करावी?' कुणी तिळाचं म्हणतं, कुणी मोहरीचं. एका गृहस्थांनी कबुतराच्या रक्ताबद्दल विचारलंय. त्यांना आधी उत्तर देते : नाही. कबुतराला सोडून द्या.

तेलाचं म्हणाल तर घरात असेल ते हलक्या हातानं लावा. कातडी मऊ राहील, माणसाला बरं वाटेल. पण हात उचलायचा हुकूम निघतो मेंदूतून आणि तिथली रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली, म्हणून हात पडलाय. तिथपर्यंत तेल पोचत नाही. एक सांभाळा. पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल तर ती चोळू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. शिरेत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. झालं, तेलाचा विषय संपला.

मला आज जे बोलायचंय ते एकाही पत्रात विचारलेलं नाही. घरी आणलेल्या पेशंटला तुम्ही खाऊ-पिऊ कसं घालता?

एक प्रसंग सांगते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या एका दवाखान्यात मी होते तेव्हाची गोष्ट. एक निवृत्त मास्तर, साठी नुकतीच ओलांडलेली. उजवी बाजू गेली होती, वाचाही. नवव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. गाडी दारात उभी राहिली. सुनेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि देवापुढचा पेढा त्यांच्या तोंडात घातला. वर तांब्यातलं पाणी. गाडीची सीट मागे पाडलेली, मास्तर जवळजवळ आडवेच. ठसका लागला. कुणीतरी म्हणालं, आठवण काढतंय कुणी. पुढचे तीन दिवस अंथरुणावरच चहा, अंथरुणावरच वरणभात, आणि प्रत्येक वेळी आठवण काढणारं कुणीतरी होतंच. चौथ्या दिवशी ताप भरला, धाप लागली. परत आणलं तेव्हा उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया पसरला होता. मास्तर वाचले नाहीत.

सुनेला मी दोष देत नाही. सूचना दिल्या होत्या आणि त्या मीच दिल्या होत्या. कुणाला? थोरल्या मुलाला, बिलाच्या खिडकीपाशी, उभ्याउभ्या. तो पुण्याला नोकरीला, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघून गेला. भरवणार होती सून. ती त्या वेळी घरी सासऱ्यांसाठी कॉट लावून घेत होती. तिला कुणी काही सांगितलंच नाही. आजही डिस्चार्जच्या कागदावर सही एकाची असते आणि पेशंटचं सगळं करणारी माणसं दुसरीच असतात. बहुतेक वेळा बायको, सून, मुलगी. त्या दिवसापासून मी भरवणाऱ्याला समोर उभं केल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही करत नाही. लोक चिडतात. चिडू देत.

आता घशाचं समजून घ्या. घशात दोन वाटा आहेत, एक पोटाकडे आणि एक फुप्फुसाकडे. आपण गिळतो तेव्हा श्वासाची वाट क्षणभर मिटते. हे सगळं मेंदू करतो, आपल्याला पत्ताही नसतो. लकव्यात ते मिटणं ढिलं पडतं किंवा उशिरा होतं. पहिल्या काही दिवसांत साधारण निम्म्या पेशंटना गिळायला कमी-जास्त त्रास असतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो. म्हणजे सांभाळायचे दिवस थोडेच असतात, आणि नेमके तेच आपण घालवतो.

आणि सगळ्यांत अवघड काय, सांगा बघू? पाणी. तुम्ही म्हणता, 'घास नको, नुसतं पाणी तरी घोटभर देऊ.' अहो, पाणी पळतं! ढिला पडलेला घसा सावध व्हायच्या आत ते उतरून गेलेलं असतं. दाटसर पदार्थ सावकाश सरकतो, घशाला वेळ मिळतो. ठसका लागतो तो निदान शहाणा घसा, चूक झाली हे सांगतो तरी. काही जणांना ठसकाही लागत नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात जातं आणि तुम्हाला वाटतं, छान प्यायले. अशा वेळी आवाज ऐका. प्यायल्यानंतर आवाज ओला, गुरगुरल्यासारखा येत असेल, जेवताना डोळ्यांतून पाणी येत असेल, घास तोंडातच घोळत असेल, दोन-चार दिवसांआड बारीक ताप येत असेल तर भरवणं थांबवा आणि दवाखाना गाठा.

म्हणून सांगते, आधी बसवा, मग भरवा. पाठीमागे एक उशी लावून टेकवलं म्हणजे बसवलं, असं नाही. खुर्चीत, पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ. खुर्चीत बसवत नसेल तर कॉटवरच, पण ताठ. कललेल्या बाजूला उशी. मान मागे पडलेली नको, हनुवटी जराशी खाली. आणि भरवणाऱ्यानंही बसायचं! तुम्ही उभ्यानं भरवलंत की चमचा वरून येतो, पेशंट मान वर करतो, आणि मान वर केली की श्वासाची वाट उघडी. समोर बसा, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. चमचा चहाचा, तोही अर्धा. चांगल्या बाजूनं द्या. गिळल्याचं पाहा, मगच दुसरा. मधूनच पांगळ्या बाजूच्या गालात बघा, तिथं भात साठून राहतो आणि त्यांना कळत नाही. टीव्ही बंद. 'मला ओळखलं का, मी कोण?' हे प्रश्न जेवण झाल्यावर. आणि जेवण झालं की लगेच आडवं करायचं नाही, अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं.

काय द्यायचं ते दवाखान्यात गिळण्याची तपासणी करून ठरतं, आणि ज्याचं त्याचं वेगळं असतं. साधारणपणे घट्ट पेज, नाचणीचं दाट सत्त्व, घट्ट वरणात मऊ कालवलेला भात, घट्ट दही हे सोपं जातं. पातळ आमटीत चुरलेली भाकरी वाईट, कारण पातळ आधी पळतं आणि तुकडा मागे राहतो. पोहे, शेंगदाणे, चुरमुरे नकोत. भडंग तर नकोच, सांगलीचं असलं तरी. गोळी गिळता येत नसेल तर आपल्या मनानं कुटून देऊ नका. काही गोळ्या कुटल्या की बिघडतात, आधी विचारा.

आणि भेटायला येणाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. तुम्ही शहाळं घेऊन येता. घरची बाई स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली की तुम्ही उशाशी बसता आणि म्हणता, 'बिचाऱ्याचा घसा सुकलाय, दोन घोट देते.' आडव्या माणसाला, नळीनं! पंढरपूरचं तीर्थ, गंगेचं पाणी, कुणी आणलेला अंगारा पाण्यातून. माया मला कळते हो. माझ्याच मावशीनं माझ्याच मामांना हे केलंय, मी घरात असताना. तिच्या हातातून मी पेला काढून घेतला, ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तीर्थ ओठांना लावा, पोचतं. शहाळं घरच्या मुलांना द्या. आणि घरच्यांनो, कॉटच्या वर भिंतीला मोठ्या अक्षरांत कागद लावा : आधी बसवा, मग भरवा. विचारल्याशिवाय काही देऊ नये. पाहुणा रुसला तर रुसू द्या.

नाकातून नळी घातलेली असेल तरी हाच नियम. उशाकडची बाजू चांगली उंच करा, नळीतून घातल्यावरही निदान अर्धा तास उंचच ठेवा. नळीवरची खूण नाकाशी जिथं होती तिथंच आहे ना, हे दर वेळी बघा. सरकली असेल तर आत ढकलू नका. आणि तोंड दोन वेळा स्वच्छ करा, नळी असली तरी. अस्वच्छ तोंडातली लाळ छातीत गेली तर तिच्यातूनही न्यूमोनिया होतो.

बाकीचं भराभर सांगते. पांगळा हात धरून पेशंटला ओढून उठवू नका, खांदा निखळतो. स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी तुम्ही बदला, रात्रीसुद्धा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल त्यांनी आयएनआरची रक्ततपासणी कधी करायची ते लिहून घ्या. बीपीची गोळी 'आता नॉर्मल आलं' म्हणून बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय. एकदा लकवा होऊन गेलेल्याला दुसऱ्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो, तोही सुरुवातीच्या आठवड्यांत. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं जड झालं की १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच चालतं, वाट बघत बसू नका.

काहींच्या ताटात डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबू तसंच राहतं आणि उजवीकडची भाजी मात्र संपते. तुम्ही म्हणता, नखरे. नखरे नव्हेत ते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरतच नाही. ताट फिरवून द्या. मधेच रडू येणं, गप्प होणं हेही आजारातच येतं, डॉक्टरांना सांगा.

फिजिओथेरपीबद्दल एक खरं सांगायला हवं. मला फार वर्षं वाटायचं की घरच्या माणसाला नीट शिकवलं की काम भागेल. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्याच देशातला एक मोठा अभ्यास आला. १४ रुग्णालयांतले १२५० पेशंट. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवलं होतं. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. म्हणून घरी कितीही मन लावून करत असलात तरी फिजिओकडे जाणं सोडू नका. खासगीत परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात चौकशी करा. पण भरवणं वेगळं. घरी दिवसातून पाच वेळा भरवायला कुणी फिजिओ येणार नाही, सिस्टर येणार नाही. ते तुम्हालाच करायचंय.

तेव्हा डिस्चार्जची तारीख कळली की आदल्या दिवशी एवढं करा. जी व्यक्ती घरी भरवणार आहे तिला दवाखान्यात आणा. सिस्टरना विचारा, 'गिळण्याची तपासणी झाली का? पातळ द्यायचं की दाट?' मग सिस्टरांसमोर तिलाच बसवायला लावा, तिलाच भरवायला लावा. चुकली तर तिथं चुकू द्या, तिथं सांभाळणारी माणसं असतात. सिस्टर घाईत असतील, कंटाळतील, तरी हटू नका.

उद्या सकाळी कुणाचा डिस्चार्ज असेल आणि हे भाषण ऐकत असाल तर रेडिओ बंद करा आणि सुनेला आजच दवाखान्यात पाठवा. कॉट काय, शेजारचेही लावून देतील.