देव आणि दैव
(महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या आनंदात जुगाराचा विषय काढणे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरात रोज सायंकाळी रोझरी होते, त्याच घरातील पगार मटक्यात वा मोबाइलवरील पैजेत बुडतो, हे दुःख आम्हां धर्मगुरूंकडे घेऊन येणाऱ्या माता थोड्या नाहीत. आकडा लागावा म्हणून संतांस नवस बोलणारेही आहेत.

ख्रिस्तसभा नशिबाच्या प्रत्येक खेळास पाप म्हणत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या धर्मशिक्षण ग्रंथाप्रमाणे असे खेळ मुळात न्यायाविरुद्ध नाहीत. परंतु स्वतःच्या वा इतरांच्या निर्वाहाचे धन त्यांत जाऊ लागले की ते अनुचित होत. सणाच्या दिवशीची हाऊजी आणि मुलांच्या फीवर लावलेली पैज यांत भेद आहे तो हाच.

मग भाविक मनुष्य यात का फसतो? कारण जुगार श्रद्धेचे सोंग घेतो. तोही आशा धरावयास व वाट पाहावयास शिकवितो. परंतु श्रद्धावंत आपली इच्छा देवाच्या स्वाधीन करतो. जुगारी देवालाच आपल्या पैजेत भागीदार करू पाहतो. क्रुसाखाली सैनिकांनी प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. तारणारा इतका जवळ असून त्यांस हवा होता तो झगा!

संत कमिल्लस (१५५०–१६१४) तरुणपणी असेच जुगारी होते. रोमच्या एका इस्पितळातील नोकरी त्यांनी पत्त्यांपायी गमाविली. १५७४ साली नेपल्स शहरी तर अंगातला सदराही हरले. पुढे कॅपुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करीत असता, २ फेब्रुवारी १५७५ रोजी त्यांचे मन पालटले. देवाने त्यांस हरलेले धन परत दिले नाही, काम दिले. ज्या इस्पितळाने त्यांस काढले होते, तेथेच ते रोग्यांचे सेवक व पुढे व्यवस्थापक झाले. आज ते रोग्यांचे आश्रयदाते संत आहेत.

२०२५ साली आपल्या संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा दुकान बंद करील. मनातील हाव आपणांसच आवरली पाहिजे. म्हणून आमची विनंती इतकीच, की जो या नादात सापडला आहे त्याने पगार हाती पडताच घरच्यांच्या स्वाधीन करावा. घरच्यांनी हे दुखणे लाजेने झाकून ठेवू नये. आणि शेजाऱ्यांनी त्याची निंदा न करता त्यास हात द्यावा. प्रभू आपणां सर्वांस कष्टाच्या भाकरीत समाधान देवो.