पदवीनंतरची तीन वर्षे



आंबा उतरविण्याच्या ऐन दिवसांत पावसच्या माणसाने बागेतून सवड काढून व्याख्यानाला यावे, ही लहान गोष्ट नव्हे. विषय विद्यापीठाचा आणि वक्ता आठवीतून बाहेर पडलेला! माझे पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले, कायद्याची पुस्तके आणि कामगारांची गाऱ्हाणी वाचता वाचता. तेव्हा चुकेल तेथे सांभाळून घ्यावे.

मागे एकदा माझ्याकडे बी. कॉम. झालेला एक मुलगा आला. पदवी घेऊन त्याला दोन वर्षे झाली होती. एका कंत्राटदाराने कामावर घेताना त्याच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. नेमणूकपत्र मात्र दिले नाही. मी म्हटले, "अरे, आधी कॉलेजात कोणाला विचारायचे नाही काय?" तो म्हणाला, "काका, गेलो होतो. तू आता आमचा विद्यार्थी नाहीस, म्हणाले." चार महिने खेटे घालून आम्ही त्या गुणपत्रिका सोडवल्या. तेवढ्यात त्याच्या दोन मुलाखती हुकल्या.

पदवी मिळाली की मुलगा विद्यापीठाचा कोणीच उरत नाही काय? घटनेचे १७१ वे कलम पाहा. पदवीला तीन वर्षे झाली की विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत देता येते. आपल्या परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा पदवीधरांच्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवरही नोंदणीकृत पदवीधर आपले १० प्रतिनिधी निवडून देतात. म्हणजे मतासाठी पदवीधराची आठवण आहे. पण पदवी आणि मत यांच्यामधल्या तीन वर्षांत तो काय खातो, हे कोण विचारतो?

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. १९४५ साली फौजेतून सुटणाऱ्या सैनिकांसाठी आपल्याकडे सेवायोजन कचेऱ्या निघाल्या. पुढे त्या सर्वांना खुल्या झाल्या. विद्यापीठांतूनही रोजगार मार्गदर्शन केंद्रे आली. १९५९ च्या कायद्याने मालकाला रिकाम्या जागा कळविणे बंधनकारक केले. पण त्या कचेरीतूनच माणूस घ्यावा, असे बंधन घातले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने कचेरीचे नाव 'करिअर सेंटर' केले. नाव बदलले, मोकळीक तीच राहिली.

कॉलेजात हल्ली कंपन्या येतात, मुलाखती होतात. चांगलेच आहे. पण ते सारे शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी. पहिली नोकरी वर्षभरात सुटली, किंवा आईच्या आजारपणात मुलगी घरी राहिली, तर त्यांनी कोणाचे दार ठोठवावे? खरी गरज तेव्हाच असते. ऑक्सफर्डने पदवीधरांच्या नेमणुकांसाठी १८९२ सालीच समिती नेमली. मग हे विद्यापीठाचे काम नव्हे, असे कसे म्हणता येईल?

पण एवढ्या लांब तरी कशाला जावे? आपला माथाडी कामगार पाहा. १९६९ च्या कायद्याने मंडळाच्या वहीत हमालाचेही नाव लागते आणि मालकाचेही. मजुरी मंडळामार्फत मिळते. हमालाने व्यापारी बदलला तरी त्याची नोंद तुटत नाही. पाठीवर गोणी वाहणाऱ्याला जे मिळाले, ते पदवी वाहणाऱ्याला का मिळू नये?

माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. पदवीनंतर तीन वर्षे प्रत्येकाचे नाव वहीत राहावे आणि वर्षातून दोनदा त्याची विचारपूस व्हावी. नोकरी देणाऱ्याचेही नाव लिहावे. जो कागद अडवून ठेवील त्याला पुन्हा मुलाखतीस बोलावू नये. आणि नेमणुकीचा कागद वाचून सल्ला देणारा एक जाणता माणूस नेमावा. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा २०१४ च्या दुरुस्तीने साध्या पदवीधरांनाही लागू झाला, हे किती मुलांना माहीत आहे? त्याने तेही सांगावे. हे सारे मुंबईत नको. विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरीत आहे, तेथेच व्हावे. पावसहून एस. टी. ने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते.

कोणी म्हणेल, नोकऱ्याच नाहीत, वही काय करणार? वहीने नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हे मलाही कळते. पण युनियनमध्ये मी एक धडा शिकलो. नावांची यादी हातात नसली की मालक म्हणतो, "ही माझी माणसे नव्हेतच." यादी पुढे ठेवली की त्याला बोलावे लागते. किती पदवीधर बसून आहेत, किती जण नेमणूकपत्रावाचून राबत आहेत, याची यादीच नसेल तर मागणी कोणाच्या नावाने करावी?

म्हणून येथल्या पदवीधरांना माझी विनंती आहे. अधिसभेच्या मतदारयादीत आपले नाव नोंदवा. मत मागावयास जो येईल त्याला आधी विचारा : आमच्या त्या तीन वर्षांची वही तुम्ही केव्हा उघडणार? उत्तर मिळाल्याशिवाय त्याला सोडू नका.